एका ताटाचा स्वयंपाक

(शिक्षणासाठी, प्रशिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अनेकांना घरापासून दूर, एकटे राहावे लागते. अशा वेळी जेवणाची आबाळ होते आणि तिचा परिणाम प्रकृतीवर होतो. मोजकी भांडी, थोडे जिन्नस आणि अर्धा-पाऊण तास एवढ्यावर एका माणसाचे ताजे व सकस जेवण कसे तयार करता येते, हे या पाठात सांगितले आहे. स्वयंपाक हे स्वावलंबनाचे काम आहे. मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाने ते शिकले पाहिजे, हा विचार या पाठात मांडला आहे.)

दहावी-बारावी झाली, की आपल्यापैकी अनेक जण घर सोडतात. मालेगावचा मुलगा तंत्रशिक्षणासाठी पुण्याला जातो. लातूरची मुलगी परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी सोलापूरला राहते. कोकणातला तरुण नोकरीसाठी मुंबईला किंवा आखाती देशात जातो. घरी असताना भूक लागली, की समोर ताट येत असे. भाजीत मीठ कमी पडले, तर आपण आईकडे तक्रार करत होतो. आता खोलीत आपण एकटेच असतो. भूक वेळेवर लागते. पण ताट मात्र आपोआप समोर येत नाही.

एकटे राहणारे सगळेच तरुण असतात असे नाही. कोकणातल्या कितीतरी गावांत मुले नोकरीसाठी दूर गेलेली असतात आणि मोठ्या घरात एखादी आजी किंवा एखादे आजोबा एकटेच राहतात. "एकट्यासाठी कुठे चूल पेटवायची?" असे म्हणून ते चहा आणि बटर यांवर वेळ मारून नेतात. वय वेगळे असले, तरी तरुणाची आणि म्हाताऱ्याची अडचण एकच आहे. चार माणसांसाठी स्वयंपाक करायला माणूस कंटाळत नाही. पण स्वतःसाठी करायचा म्हटले, की त्याला आळस येतो.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या. कोकणातून आणि घाटावरून हजारो कामगार तेथे आले. पुष्कळांची बायका-मुले गावीच राहिली. एका लहानशा खोलीत अनेक जण राहत. त्यांच्या जेवणाची सोय गिरणगावातल्या खानावळी करत. अनेक कष्टाळू स्त्रिया आपल्या घरातच अशा खानावळी चालवत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या स्त्रियांना एकत्र आणून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन केले. या स्त्रियांच्या हातच्या भाकरीवर आणि आमटीवर कामगारांच्या पिढ्या जगल्या.

आजही शहरात खानावळी आहेत, डबे मिळतात. त्यांचा उपयोग जरूर करावा. पण डबा देणारी बाई गावी गेली, खानावळ बंद असली, महिनाअखेरीस पैसे संपले किंवा ताप आला, तर काय करायचे? ज्याला दोन-चार साधे पदार्थ करता येतात, तो अशा वेळी उपाशी राहत नाही. पोहायला येणारा माणूस नावेत बसला, तरी त्याला पोहणे येते याचा आधार असतो. स्वयंपाकाचेही तसेच आहे.

एकट्या माणसाच्या जेवणात साधारणपणे तीन दोष शिरतात. पहिला दोष म्हणजे जेवण टाळणे. सकाळी उशीर झाला म्हणून न्याहारी होत नाही. दुपारी वेळ मिळाला नाही म्हणून नुसता चहा घेतला जातो. मग रात्री एकदम पोट फुटेस्तोवर खाणे होते. दुसरा दोष म्हणजे रोज तेच ते खाणे. चहा-बिस्कीट, वडापाव, शेवयांचे पाकीट हे पदार्थ कधीतरी खायला हरकत नाही. पण रोज तेच खाल्ले, तर पोट भरते आणि शरीर मात्र उपाशी राहते. तिसरा दोष म्हणजे एकदाच भरपूर शिजवून ते दोन-तीन दिवस तसेच उघड्यावर ठेवून खाणे. यामुळे पैसे वाचत नाहीत. उलट औषधाला जास्त पैसे लागतात.

मग आपल्या ताटात काय असावे? धान्यापासून शरीराला शक्ती मिळते. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ ही आपली धान्ये आहेत. डाळी, कडधान्ये, दूध, दही, अंडी, मासे, मांस यांच्यामुळे शरीराची वाढ होते आणि झीज भरून निघते. भाज्या आणि फळे यांच्यामुळे रोगांचा प्रतिकार करण्याची ताकद येते आणि पोटही साफ राहते. तेल-तूप थोडेच, पण हवे.

आपल्या देशात आहाराचा शास्त्रीय अभ्यास करणारी राष्ट्रीय पोषण संस्था हैदराबाद येथे आहे. या संस्थेचे काम १९१८ साली कुन्नूर येथे सुरू झाले आणि १९५८ साली ती हैदराबादला आली. या संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराचे १७ नियम प्रसिद्ध केले. दिवसभराच्या जेवणाचे एक ताट कल्पिले, तर त्यातला जवळजवळ अर्धा भाग भाज्यांचा आणि फळांचा असावा, असे ही संस्था सांगते. आता आपल्या ताटाकडे पाहा. भाताचा डोंगर, आमटीचा ओढा आणि भाजी मात्र चिमूटभर! एकट्याच्या स्वयंपाकाची सुरुवात हे प्रमाण बदलण्यापासून करायला हवी.

स्वयंपाक म्हटला, की पुष्कळ भांडी लागतात असा समज आहे. एका माणसाला दोन-तीन लिटरचा छोटा कुकर, एक पातेले, एक तवा, एक कढई, सुरी, पळी, झाऱ्या आणि मापाला एक वाटी एवढे पुरते. जिन्नसही थोडेच आणावेत. तांदूळ, कणीक, मूगडाळ, मसूर, बेसन, पोहे, शेंगदाणे, तेल, मीठ, हळद, तिखट, जिरे, मोहरी आणि गूळ एवढे घरात असले, की आठवडाभर अडत नाही. कांदे, बटाटे, लसूण हवेशीर टोपलीत ठेवावेत. हिरवे पडलेले किंवा खूप मोड आलेले बटाटे खाऊ नयेत. त्यांत विषारी द्रव्य तयार झालेले असते. पालेभाजी, टोमॅटो, फळे मात्र दोन-तीन दिवसांपुरतीच आणावीत. बाजारात मोठी जुडी स्वस्त वाटते. पण अर्धी सडून गेली, तर ती महागच पडते. दुकानातून आणलेल्या प्रत्येक वस्तूचा हिशेब एका वहीत लिहावा. महिन्याच्या शेवटी आपल्यालाच कळते, की वायफळ खर्च कुठे झाला.

पहिला पदार्थ कोणता शिकावा? खिचडी! खिचडीला कोणी आजाऱ्याचे अन्न म्हणते, कोणी आळशाचे. पण तिचा इतिहास फार जुना आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रसिद्ध प्रवासी मोरोक्कोतून भारतात आला. येथले लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवतात आणि तूप घालून सकाळी न्याहारीला खातात, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे. आपल्या देशातल्या हरीऱ्याची त्याला त्या वेळी आठवण झाली. पुढे सोळाव्या शतकात अकबर बादशहाच्या दरबारातील अबुल फजल याने 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथात शाही स्वयंपाकघराचे वर्णन केले. त्यात खिचडीही आहे. तिच्यात तांदूळ, डाळ आणि तूप यांचे वजन सारखेच धरले आहे! बादशहाला इतके तूप परवडत होते. आपल्याला एक चमचा पुरे.

एका माणसाच्या खिचडीचे प्रमाण असे आहे : अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, एक वाटी चिरलेली भाजी, एक लहान कांदा, दोन-तीन लसणाच्या पाकळ्या, दोन चमचे तेल, जिरे, हळद, थोडे तिखट आणि चहाच्या अर्ध्या चमच्यापेक्षा थोडे कमी मीठ.

प्रथम हात साबणाने धुवावेत. तांदूळ आणि डाळ दोन वेळा धुवावी. फार चोळून आठ-दहा वेळा धुतल्यास त्यांतली जीवनसत्त्वे पाण्याबरोबर निघून जातात. भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी. चिरून धुतली, तर तिचेही सत्त्व पाण्यात जाते. कुकरमध्ये तेल तापवावे. जिरे तडतडले, की लसूण आणि कांदा घालावा. कांदा गुलाबी झाला, की हळद, तिखट आणि भाजी घालून परतावे. मग डाळ-तांदूळ आणि मीठ घालावे. अडीच ते तीन वाट्या पाणी ओतावे. झाकण लावून मध्यम आचेवर तीन-चार शिट्ट्या होऊ द्याव्यात आणि गॅस बंद करावा. कुकर आपोआप निवल्यावरच झाकण उघडावे. घाई करून झाकण ओढू नये. आतल्या वाफेने हात आणि तोंड भाजते. डाळ-तांदूळ शिजताना फुगतात, म्हणून कुकर पाण्यासह निम्म्यापेक्षा जास्त भरू नये.

कुकर नसेल, तर जाड बुडाच्या पातेल्यात खिचडी करता येते. पाणी थोडे जास्त घालावे लागते आणि अधूनमधून ढवळावे लागते. कुकरमध्ये अन्न लवकर शिजते, याचे कारण सोपे आहे. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जाते. त्यामुळे वेळही वाचतो आणि गॅसही.

खिचडीत तांदूळ आणि डाळ एकत्र का असतात? आपल्या शरीराला प्रथिने लागतात. प्रथिनांचे काही घटक तांदळात कमी असतात, ते डाळीत असतात; जे डाळीत कमी असतात, ते तांदळात असतात. दोघांची जोडी जमली, की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. भाकरी आणि पिठले, पोळी आणि आमटी, खिचडा आणि दालचा-भात या सगळ्या पदार्थांत हीच जोडी आहे. आपल्या आजी-पणजींनी पोषणशास्त्राची पुस्तके वाचली नव्हती. पण अनुभवाने त्यांना ही जोडी सापडली होती.

एक खिचडी नीट जमली, की तिच्यातूनच आठवडा बदलता येतो. सोमवारी मूगडाळ आणि पालक, मंगळवारी मसूर आणि टोमॅटो, बुधवारी मटार आणि गाजर असे करता येते. रोज भात खाण्याचा कंटाळा आला, तर बेसनात कांदा, कोथिंबीर, हळद, मीठ आणि पाणी घालून तव्यावर धिरडी घालावीत. पंधरा मिनिटांत जेवण तयार होते. अंडे खात असाल, तर त्यासारखी सोयीची वस्तू नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि दहा-बारा मिनिटांत ते उकडून तयार होते. अंडे खात नसाल, तर मूठभर भाजलेले शेंगदाणे, फुटाणे किंवा वाटीभर दही घ्यावे. पोळी किंवा भाकरी पहिल्या दिवशी गोल होणार नाही. नकाशातल्या एखाद्या देशासारखी ती दिसेल; पण पोटाला आकार कळत नाही. ती नीट भाजलेली असली, म्हणजे झाले.

मूग किंवा मटकी यांना मोड आणणेही सोपे आहे. रात्री ते भिजत घालावेत. सकाळी पाणी निथळून ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत. दुसऱ्या दिवशी मोड दिसू लागतात. मोड आल्यामुळे कडधान्यात क जीवनसत्त्व वाढते आणि ते पचायलाही हलके होते. मोड आलेली मटकी वाफवून, कांदा आणि लिंबू घालून खाल्ली, तर उत्तम न्याहारी होते.

येथे लिंबाचे महत्त्वही लक्षात घ्यावे. आपल्या रक्ताला लोहाची गरज असते. लोह कमी पडले, की माणूस लवकर थकतो, धाप लागते, अभ्यासात लक्ष लागत नाही. आपण त्याला आळशी म्हणतो; पण खरे तर त्याचे रक्त कमी झालेले असते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षे वयाच्या १०० मुलींपैकी सुमारे ५९ मुलींना आणि १०० मुलग्यांपैकी सुमारे ३१ मुलग्यांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे हा प्रश्न आपल्या वर्गातल्या बाकांवरच बसलेला आहे. पालेभाज्या, कडधान्ये, बाजरी यांतून लोह मिळते; पण ते शरीरात सहजपणे शोषले जात नाही. त्याला क जीवनसत्त्वाची मदत लागते. म्हणून जेवताना खिचडीवर लिंबू पिळावे किंवा जेवणाबरोबर पेरू, आवळा, टोमॅटो खावा. याउलट चहा लोहाला शरीरात जाण्यापासून अडवतो. म्हणून जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा पिऊ नये. जेवण झाल्या झाल्या चहा घेण्याची सवय मोडली, तर एक पैसाही न खर्च करता प्रकृती सुधारते. मात्र फारच अशक्तपणा वाटत असेल, तर घरगुती उपायांवर न थांबता डॉक्टरांना दाखवावे.

एकट्याच्या घरात उरलेल्या अन्नाचा प्रश्न नेहमी येतो. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. उरणार असे दिसले, की लगेच झाकून शीतकपाटात ठेवावे. शीतकपाट नसेल, तर एका वेळेला लागेल तेवढेच शिजवावे. म्हणूनच वाटीचे माप महत्त्वाचे आहे. भाताच्या बाबतीत जास्त काळजी घ्यावी. तांदळातल्या काही जंतूंची बीजे उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर राहिला, की ते जंतू वाढतात आणि विष तयार करतात. नंतर भात कितीही गरम केला, तरी ते विष जात नाही. म्हणून "गरम केले, की सगळे चालते" हा समज चुकीचा आहे. वास आला किंवा तार सुटली, तर ते अन्न टाकून द्यावे. अन्न वाया घालवणे वाईट आहे. पण त्याचा उपाय म्हणजे कमी शिजवणे, नासलेले खाणे हा नव्हे.

स्वयंपाक करताना सावध राहिले पाहिजे. एकटा माणूस खोलीत असला, की मदतीला दुसरे कोणी हजर नसते. दूध किंवा तेल गॅसवर ठेवून बाहेर जाऊ नये. काम झाल्यावर रेग्युलेटर बंद करावा. गॅसचा वास आला, तर विजेचे बटण दाबू नये, काडी पेटवू नये. दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत साचतो, म्हणून दार उघडणे फार गरजेचे आहे. कढईतल्या तेलाने पेट घेतला, तर त्यावर पाणी ओतू नये. गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवावे. हाताला भाजले, तर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट किंवा हळद लावू नये.

जेवण करता येणे हा एक भाग झाला. नीट जेवणे हा दुसरा भाग आहे. जेवणाची वेळ ठरवावी. भांड्यातूनच उभ्याने खाऊ नये. ताट घ्यावे, वाढून घ्यावे, बसून सावकाश जेवावे. पाहुण्याला आपण जसे वाढतो, तसेच स्वतःलाही वाढावे. जेवताना हातात मोबाइल असला, की किती खाल्ले आणि काय खाल्ले हे कळत नाही. दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका चमच्यापेक्षा जास्त मीठ पोटात जाऊ नये. पापड, लोणचे, फरसाण यांतही मीठ असते, हे विसरू नये. स्वच्छ पाणी भरपूर प्यावे.

"मुलग्यांनी कशाला स्वयंपाक शिकायचा?" असे काही जण विचारतात. भूक मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. लग्नाच्या मोठ्या मेजवानीत देगेजवळ उभे राहून बिर्याणी करणारा बावर्ची पुरुषच असतो. त्याच्या कामाला सगळे वाखाणतात. मग घरातल्या छोट्या पातेल्याजवळ उभे राहायला लाज कसली? ज्या मुलाने स्वतः कणीक मळली आहे, तो आईच्या भाजीतले मीठ काढताना दोनदा विचार करतो. आई आजारी पडली, की तो तिला पेज करून देऊ शकतो. स्वयंपाकाने हाताला काम आणि मनाला जाणीव मिळते.

तेव्हा घर सोडण्याची वाट पाहू नका. येत्या सुट्टीत एक दिवस आईला किंवा आजीला चुलीजवळून उठवा आणि सांगा, "आज खिचडी मी करणार." सुरुवातीला ती करपेल, कधी पाणी जास्त होईल. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती नक्की जमेल. आणि शेजारी एखादे आजोबा एकटे राहत असतील, तर त्या दिवशी अर्धी वाटी तांदूळ जास्त टाका. एका ताटाचा स्वयंपाक शिकलेल्या माणसाला दुसरे ताट वाढणे अवघड जात नाही.

शब्दार्थ

आबाळ – हेळसांड, दुर्लक्ष
सकस – पौष्टिक
जिन्नस – वस्तू, सामान
खानावळ – पैसे घेऊन जेवण देणारे घर किंवा दुकान
न्याहारी – सकाळचे खाणे, नाश्ता
कडधान्ये – मूग, मटकी, चवळी, हरभरा यांसारखी धान्ये
उणीव – कमतरता
रक्तक्षय – शरीरातील रक्त कमी होण्याचा आजार
शीतकपाट – अन्न थंड ठेवण्याचे कपाट, फ्रिज
पेज – पातळ शिजवलेला भात
देग – मोठे पातेले

वाक्प्रचार

वेळ मारून नेणे – कशीतरी अडचण निभावून नेणे
झीज भरून निघणे – कमी झालेले पुन्हा मिळणे
वाखाणणे – स्तुती करणे

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) अन्नपूर्णा महिला मंडळ कोणत्या साली स्थापन झाले?
(२) राष्ट्रीय पोषण संस्था कोठे आहे?
(३) इब्न बतूताने कोणत्या पदार्थाविषयी लिहून ठेवले आहे?
(४) एका दिवसात जास्तीत जास्त किती मीठ खावे?

प्र. २. प्रत्येकी तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) एकट्या माणसाच्या जेवणात कोणते तीन दोष शिरतात?
(२) गॅसचा वास आल्यास तुम्ही काय कराल?
(३) मुलग्यांनीही स्वयंपाक का शिकावा?

प्र. ३. कारणे लिहा.
(१) भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी.
(२) जेवणानंतर लगेच चहा पिऊ नये.
(३) बराच वेळ बाहेर राहिलेला भात गरम करूनही खाऊ नये.

प्र. ४. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(लिंबू, १२०, वाटी, जड)
(१) कुकरमधील तापमान सुमारे ........ अंशांपर्यंत जाते.
(२) खिचडीवर ........ पिळल्यास लोह शोषले जाण्यास मदत होते.
(३) स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा ........ असतो.
(४) अन्न उरू नये म्हणून ........चे माप महत्त्वाचे आहे.

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
ताजे × ........   स्वस्त × ........   हलके × ........   आळशी × ........

प्र. ६. खालील शब्द मराठीत आणि उर्दूतही वापरले जातात. प्रत्येक शब्द वापरून मराठीत एक वाक्य लिहा.
बाजार, तवा, दुकान, ताजे, हिशेब, हजर

प्र. ७. 'कांदा चिर' हे वाक्य 'कांदा चिरावा' असेही लिहिता येते. त्याप्रमाणे पुढील वाक्ये बदला.
(१) तेल तापव. (२) भाजी धू. (३) झाकण लाव. (४) गॅस बंद कर.

उपक्रम

(१) घरातील मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली एका माणसाची खिचडी करा. वापरलेले जिन्नस, त्यांचे माप आणि झालेला खर्च वहीत लिहा.
(२) एक आठवडा तुम्ही काय काय खाल्ले याची नोंद ठेवा. कोणत्या दिवशी भाजी किंवा फळ खाल्ले नाही, ते पाहा आणि वर्गात त्यावर चर्चा करा.